शेवटची अकरावी, पहिली दहावी

मार्च 1975 मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दोन वर्ग शालान्त परीक्षेला बसले. जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी, म्हणजे लोकांच्या तोंडात रुळलेली मॅट्रिक, हिची शेवटची तुकडी. आणि नव्या आकृतिबंधाच्या दहावीची पहिली. आम्ही दहावीवाले. माण तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव, माणगंगेपासून हाकेच्या अंतरावर शाळा, आणि तिच्या एकाच व्हरांड्यात समोरासमोर दोन वर्ग, दोघांचंही वर्ष शेवटचंच. असं त्या शाळेत त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतर होण्याचं कारण नव्हतं.

आता आम्ही सगळे पासष्टी ओलांडलेले. गेली काही वर्षं आमचा मेळावा भरतो. दोन्ही वर्ग एकत्रच जमतात, कारण वेगवेगळे जमलो तर दोन्हीकडं माणसं कमी पडतात. जमलं की पहिला अर्धा तास ठरलेला. अकरावीवाले म्हणणार, "खरी मॅट्रिक आमचीच. तुमचं एक वरीस सरकारनं माफ केलं." आमच्यातला कुणीतरी म्हणणार, "माफ न्हाई केलं, पुढं ढकललं. बारावी कुणी केली मग?" पन्नास वर्षं झाली, भांडण जुनं होत नाही.

आता या बदलाबद्दल थोडं. दौलतसिंह कोठारींचा शिक्षण आयोग 1964 मध्ये नेमला गेला आणि 1966 मध्ये त्याचा अहवाल आला. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध त्यातूनच पुढं आला. महाराष्ट्रानं तो आणला तेव्हा जून 1972 ला आठवीत बसलेली पोरं नव्या वाटेला लागली आणि नववीत बसलेली जुन्याच वाटेनं गेली. एका वर्षाचं अंतर असलेल्या दोन वर्गांची गाठ मग 1975 च्या मार्चमध्ये पडली. बारावीची पहिली परीक्षा 1977 साली झाली. पुण्या-मुंबईच्या लोकांनी या बदलाची चर्चा वर्तमानपत्रात वाचली असेल. आम्हाला तो कळला तो गणिताच्या तासाला. सरांनी फळ्यावर दोन गोल काढले, एकमेकांत अडकलेले. म्हणाले, ह्या गोलात गावातल्या सगळ्या शेळ्या, त्या गोलात गावातली सगळी काळी जनावरं. मधे सापडतात त्या काळ्या शेळ्या. याला म्हणायचं छेदसंच.

आमचे वडील शिंपी. मशीनवर बसल्या बसल्या त्यांनी माझी वही उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "ह्यात बेरीज कुठंय?" सरांनाही ते नवंच होतं. मे महिन्यात प्रशिक्षणाला जाऊन आलेले, आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी शिकवायचे. पण शेळ्यांचं उदाहरण पुस्तकात नव्हतं, ते त्यांचं. आजही मेळाव्यात संच म्हटलं की शेळ्या निघतातच.

पण जून 1972 म्हटल्यावर माणदेशात कुणाला संच आठवत नाहीत. दुष्काळ आठवतो.

आमचा सातारा जिल्हा मोठा गमतीचा. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आमच्याकडं पाचशेच्या आत-बाहेर. ढग डोंगरावर रिकामे होऊन आमच्या डोक्यावरून नुसते सावली टाकत जातात. त्यामुळं अवर्षण आम्हाला नवं नव्हतं. शेजारचा राजेवाडीचा तलावच मुळी इंग्रजांच्या काळातल्या 1876च्या मोठ्या दुष्काळाच्या कामातला. पण आधीची दोन वर्षं ओढाताणीत गेलेली आणि 1972 ला बाजरी उगवलीच नाही. जे कणगीत होतं ते पेरून बसलेल्यांचं पेरलेलंही गेलं. जुनी माणसं म्हणतात, तो दुष्काळ अन्नाचा होता, आताचे दुष्काळ पाण्याचे असतात. तेव्हा पैसे घेऊन गेलं तरी बाजारात दाणा मिळत नव्हता. आमच्या गावाला पाण्याचीही ददात होती, तरी ह्या म्हणण्यात तथ्य आहे.

सरकारनं कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, खडी. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पुढं 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांनी तो विचार आधीपासून लावून धरला होता, पण त्याची खरी चाचणी झाली ती ह्या दुष्काळात. देशात दुसरीकडं कुठं नव्हता असा कायदा, आणि तो खडी फोडणाऱ्या हातांनी घडवला असं मला वाटतं. माणसं जगली. हे आधी कबूल केलं पाहिजे. 1876 ला जगली नव्हती.

कामावर सुकडी मिळायची. ती आणायला पोरं भांडी घेऊन जायची, आणि येताना निम्मी वाटेतच संपायची. रेशनवर मिलो आला, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, रंग विटकरीसारखा, आणि गार झाली की चामडं. आमच्या वर्गातल्या एका तांबूस केसांच्या पोराला 'मिलो' म्हणायचे. तो पुढं फौजेत गेला, सुभेदार होऊन परतला, आणि मेळाव्यात अजून मिलोच आहे.

मेळाव्यात हे सगळं निघतं, पण हसत निघतं. कुणी कुणाची सुकडी पळवली. बाजाराच्या तळावर तंबूत 'पिंजरा' लागला होता, आणि मास्तरची अशी गत दाखवणारा सिनेमा पोरांनी बघू नये म्हणून हेडसरांनी प्रार्थनेनंतर ताकीद दिली. त्या ताकदीमुळंच ज्यांना त्या सिनेमाचा पत्ता नव्हता तेही गेले. आणि तंबूत सरांच्याच मागं जाऊन बसले! कुणी म्हणतं ते हेडसर होते, कुणी म्हणतं ड्रॉइंगचे. अकरावीवाल्यांच्या मते दोघंही होते.

परीक्षेचं केंद्र तालुक्याला. आम्ही मुली एका मैत्रिणीच्या मावशीकडं उतरलो होतो. निकाल जूनमध्ये वर्तमानपत्रात आला, नंबरांच्या बारीक रांगा. गुणपत्रिका हातात येईपर्यंत देशात आणीबाणी लागली होती, पण आमच्या घरात चर्चा होती ती वेगळीच. ही दहावी म्हणजे मॅट्रिक का नाही? माझ्या चुलत्यांनी तर मला सरळ "निम्मी मॅट्रिक" म्हणायला सुरुवात केली. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. आमच्यातला एकजण एका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी गेला. तिथल्या साहेबांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, जाहिरातीत मॅट्रिक लिहिलंय, तुझी दहावी आहे. त्याला परत पाठवलं. अकरावीतला त्याचाच सख्खा भाऊ, मार्क कमी, त्या जागेवर लागला. दोघं मेळाव्याला शेजारी बसतात. धाकटा ही गोष्ट स्वतःच सांगतो, थोरला त्या वेळी चहा बघायला उठतो.

मी डी.एड. करून प्राथमिक शिक्षिका झाले. अडतीस वर्षांनी निवृत्त झाले. हे सांगायचं कारण, शाळेची दप्तरं मला वाचता येतात.

मागच्या मेळाव्याआधी सगळ्यांचे पत्ते गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. फोटोवरून नावं लिहायची आणि शोधायची, असं ठरलं. दहावीचा तो फोटो सगळ्यांच्या घरी आहे. मधे खुर्च्यांवर सर मंडळी, मागं तीन रांगा पोरांच्या, आणि पुढं सतरंजीवर आम्ही तीन मुली, गुडघे झाकून. पण मला पक्कं आठवत होतं की आठवीत मुलींचा बाक एक नव्हता, दोन होते, आणि दाटीवाटीनं बसावं लागायचं. म्हणून शाळेत जाऊन जनरल रजिस्टर मागितलं. हजेरीपटं काही वर्षांनी जातात, जनरल रजिस्टर कायम ठेवावं लागतं. कारकून मुलगा चांगला, त्यानं कपाटातून काढून धूळ पुसून दिलं.

आठवीत आम्ही मुली सातजणी होतो. मुलं तर फोटोत आहेत त्याच्या दुपटीला आली. ज्यांची नावं मधेच कमी झाली त्यांच्यापुढं शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण असतं. मी बोट ठेवत ठेवत वाचत गेले. सतत गैरहजर. सतत गैरहजर. सतत गैरहजर. एकाच शाईत, एकाच वळणात. बहुतेक नावं 1972 ची दिवाळी आणि 1973 चा उन्हाळा यांच्यामधली. दुष्काळ हा शब्द कुठंच नाही. लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रकान्याची रुंदी तेवढीच असते, आणि मुलगा सलग दिसला नाही तर काय लिहायचं ते ठरलेलं असतं. पण पन्नास लाख माणसं कामावर होती हे ज्याला पुस्तकातून कळलं नाही, त्याला आमच्या शाळेच्या दप्तरावरून एवढंच कळेल की माणमधली पोरं त्या वर्षी फार दांड्या मारत होती.

फी हे कारण नव्हतं. बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ई.बी.सी.ची सवलत होतीच, यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून, आणि आमच्यातल्या बहुतेकांचं शिक्षण त्यावरच झालं. कारण साधं होतं. कामावर हजेरी माणशी लागायची. घरातून चार हात गेले तर चार हातांचे पैसे. वस्तीवरच्या पोरी उंचीनं मोठ्या दिसल्या की चौदाच्या अठरा व्हायच्या. माझे वडील गावात मशीनवर होते, म्हणून मी बाकावर राहिले.

मेळाव्याच्या बैठकीत मी रजिस्टरातली यादी ठेवली. वाद झाला, आणि खराखुरा झाला. एकजण म्हणाला, "बॅच म्हणजे जे परीक्षेला बसले ते. उद्या पहिलीतले पण बोलवायचे का?" त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कुठंतरी रेघ मारावीच लागते. दुसरा म्हणाला, "त्यांनाच वाईट वाटंल. आपण साहेब, मास्तर, सुभेदार, अन् ते?" हे मात्र मला पटलं नाही. वाईट कुणाला वाटायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. मिलो इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "माझ्या बाकावर दोघं होतो. दुसरा कुठं गेला ते मी कुणाला कधी इचारलं न्हाई. आता इचारतो." त्यावर यादी मंजूर झाली.

तिघी-चौघांचा पत्ता लागला. काही गेले. काही ऊसतोडीला खाली गेले ते तिकडचेच झाले. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ती पाच किलोमीटरवरच्या वाडीत नांदत होती आणि आठवडी बाजारात शेंगा विकायला बसत होती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या समोरून जात होतो. मी ओळख सांगितली. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"शिंप्याची का तू? आगं, किती पांढरी झालीस."

मी फोटोचं सांगितलं. रजिस्टरचं सांगितलं. सतत गैरहजर लिहिलंय म्हटल्यावर ती मोठ्यानं हसली.

"गैरहजर? साळंम्होरनं जो डांबरी रस्ता जातो की न्हाई, त्याच्याखालची खडी आमच्या हातची हाय. रोज हुतो आम्ही तितं. तुमची घंटा ऐकू यायची. घंटा झाली की मुकादम म्हनायचा, चला, पानी प्या." मग शेंगांचं माप भरता भरता म्हणाली, "ते गोल काढायचे सर हायेत का गं? त्या शेळ्यांचं मला कळलं हुतं. पुढचं ऱ्हायलं."

सर नव्हते; ते दहा वर्षांपूर्वीच गेले. ते सांगितल्यावर तिनं नुसती मान हलवली आणि माझ्या पिशवीत वरून एक ओंजळ टाकली.

मेळाव्याला येशील का विचारलं, तर तिनं आधी वार विचारला. आम्ही सोयीसाठी रविवार धरला होता, सगळ्यांची पोरं सुट्टीवर असतात म्हणून. रविवारी आमच्या गावचा बाजार. "मग कसं जमंल?" ती म्हणाली. त्या रात्री मी सगळ्यांना फोन केले. कुरकुर झाली, पुण्याहून येणाऱ्यांची जास्त. मेळावा आता सोमवारी आहे.