पळसाचे चित्र आणि अनाम चितारी

फाल्गुनात गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिऱ्याकडच्या वाटेवर पळस पेटतो, तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण खरी करणारी त्रिदले बहर ओसरता येतात. जुनी वनस्पतिचित्रे मात्र असा ऋतुक्रम सहसा पाळत नाहीत. फूल, पान, शेंग एकाच कागदावर मांडण्याची त्यांची रीत. म्हणजे शास्त्रशुद्ध म्हणून गौरवले जाणारे हे चित्र एका परीने कल्पितच असते. आज त्याच्या छापील प्रतिकृती चौकटीत बसून दिवाणखान्यात लागतात, तेव्हा ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पळसाची युरोपात छापलेली जुनी चित्रे ‘हॉर्टुस मलाबारिकुस’च्या सहाव्या खंडात (१६८६) ‘प्लासो’ या नावाने आहेत. मराठी वाचकाला या ग्रंथाविषयी विशेष जवळीक वाटावी. त्यातील ताम्रपटांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळी आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरली गेली; आणि रंग भट, विनायक पंडित व अपू भट या तीन कोंकणी पंडितांची साक्ष पहिल्या खंडात (१६७८) नागरीत छापलेली आहे.

पुढे विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या तीनशे चित्रांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१७९५) पळस पुन्हा आला, ‘ब्यूटिआ फ्राँडोसा’ म्हणून. ‘ब्यूटिआ’ हे नाव ब्यूटच्या अर्लवरून पडले. वर्णन रॉक्सबर्ग यांचे, पण मूळ चित्रे भारतीय चिताऱ्यांची. ती लंडनला गेली, तांब्यावर कोरली गेली आणि छापल्यावर हाताने रंगवली गेली. पळसाचा तो केशरी रंग भरणाऱ्या हातांनी बहुधा पळस कधी पाहिलाच नसेल! हाताने रंगवल्यामुळे प्रत्येक प्रतीत छटा थोडी निराळी. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील पाठभेदांशी परिचय असलेल्यांना हे नवल वाटू नये. फरक इतकाच की एकनाथांना शुद्ध पाठ शोधावासा वाटला. इथे आंतरजालावर चढलेली कोणतीही एक प्रत ‘मूळ’ म्हणून छापली जाते.

या चित्रांना सरसकट ‘रॉक्सबर्गची चित्रे’ म्हणणे मला ढिलाईचे वाटते. महाराष्ट्रातील उदाहरणही याहून वेगळे नाही. पुण्याजवळच्या दापुडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चिताऱ्याने फुलझाडांची चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात दापुडी आहे, गिब्सन आहेत. चिताऱ्याचे नाव मात्र नोंदलेच गेले नव्हते, तेव्हा ते तिथे येणार कोठून?