काचेचं टेबल, बाबा आणि माउस

गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. बाबा कॉम्प्युटरवर लाइटबिल भरत बसले होते आणि कर्सर स्क्रीनभर उड्या मारत होता. "माझा हातच थरथरतो रे आता," बाबा म्हणाले. ऐकून चर्र झालं. मग लक्ष टेबलाकडे गेलं. आईने हौसेने त्यावर नवीन काच बसवून घेतली होती. माउसखाली कालचा पेपर सरकवला. कर्सर सुतासारखा सरळ! बाबांचा हात ठणठणीत होता.

"पण पेपरने काय फरक पडला?" बाबांच्या या प्रश्नात माझा अख्खा रविवार गेला. म्हणून हा लेखनप्रपंच.

डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने १९६४ साली पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळा आणि खाली दोन चाकं. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. शाळेच्या लॅबमध्ये माउस उलटा करून ती गोळी काढणारे (आणि लपवणारे!) आपण सगळेच. आतल्या रोलरवर काळा मळ साचायचा, तो नखाने खरवडायचा.

या कटकटीवर १९८० च्या सुमारास दोघांनी स्वतंत्रपणे उपाय शोधला: प्रकाश. एमआयटीतल्या स्टीव्ह कर्शच्या माउसला रेघांची जाळी असलेलं धातूचं पॅड लागायचं. पॅड तिरकं ठेवलं की कर्सरही तिरका पळायचा. झेरॉक्स पार्कच्या रिचर्ड लायनने तर प्रकाश टिपणं आणि हालचाल ओळखणं दोन्ही एकाच चिपवर बसवलं. पण त्या चिपला होते फक्त १६ पिक्सेल. म्हणून खाली ठिपके छापलेला कागद लागायचा. थोडक्यात काय, यंत्राची नजर अधू, म्हणून जमीन त्याच्या सोयीची करून द्यायची.

पुढचं पाऊल पडलं ते चक्क स्कॅनरमुळे. ९० च्या दशकात एचपीने हातात धरून कागदावर कसाही फिरवता येईल असा स्कॅनर केला, कॅपशेअर. आपण किती सरकलो हे तो कागदाचे बारीक तंतू बघून ओळखायचा. तेच तंत्र माउसमध्ये आलं. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर बाजारात आला. ना गोळी, ना खास पॅड!

आत काय होतं? लाल एलईडी टेबलावर तिरपा उजेड टाकतो. संध्याकाळच्या उन्हात रस्त्यावरच्या खड्याचीही लांब सावली पडते ना, तसंच. टेबलाचे सूक्ष्म उंचवटे उठून दिसतात. चिमुकला कॅमेरा त्यांचे सेकंदाला १५०० फोटो काढायचा. नवा फोटो जुन्यावर थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवून बघायचा. जिथे सगळ्यात छान जुळला, तितकी हालचाल झाली. बस्स. आपण टेबलावर कुठे आहोत हे माउसला कधीच कळत नाही. मघापेक्षा किती सरकलो, एवढंच कळतं.

आता काच. स्वच्छ काचेवर बघण्यासारखं काहीच नाही आणि खालचं लाकूड फोकसच्या बाहेर. सगळे फोटो सारखेच, म्हणून माउस चाचपडतो. पेपरवर मात्र तंतूही आहेत आणि शाईसुद्धा.

खास पॅड मागणाऱ्या माउसपासून मिळेल त्या टेबलाशी जुळवून घेणाऱ्या माउसपर्यंत यायला १९ वर्षं लागली. तरी एक काच आडवी आली आणि बाबांनी दोष दिला स्वतःच्या हाताला. माउसवर त्यांना संशयसुद्धा आला नाही. आपण ऑफिसात किती सहज 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करतो! तसं एक मी गेल्याच आठवड्यात बंद केलंय. सोमवारी पहिलं काम म्हणजे ते परत उघडणं.

ता. क. काचेवरही चालणारे माउस लॉजिटेकने २००९ सालीच आणले. बाबांना सांगितलं. म्हणाले, "पेपर आहे ना, कशाला उगाच खर्च?"