हाइप हाऊस : एका छताखालील प्रसिद्धीचा उदयास्त

१/ डिसेंबर २०१९. लॉस एंजेलिसमधील भाड्याच्या एका आलिशान वाड्यात टिकटॉकवरील तरुण कलाकारांचा एक गट एकत्र आला. घराचे नाव ठेवले गेले 'हाइप हाऊस'. काही महिन्यांतच ते टिकटॉकविश्वाची अनभिषिक्त राजधानी बनले आणि जवळजवळ तितक्याच वेगाने ओसरलेही. त्या उदयास्ताचा हा थ्रेड.

२/ कल्पना जुनीच होती. २०१४ मध्ये 'अवर सेकंड लाइफ' या यूट्यूब गटाने याच शहरात एकत्र बिऱ्हाड थाटले होते. हॉलिवूडमधील '१६०० वाइन' या इमारतीत वाइन अॅपवरील अनेक तारे राहत. २०१७ मध्ये जेक पॉलच्या 'टीम १०' या गटाच्या घरातील गोंगाटाने शेजारी हैराण झाले होते.

३/ हाइप हाऊसच्या स्थापनेत थॉमस पेट्रू, चेस हडसन आणि डेझी कीच हे प्रमुख होते. चार्ली व डिक्सी डिमेलिओ या भगिनी आणि अॅडिसन रे यांच्यामुळे घराला झळाळी आली. कायम मुक्काम मात्र मोजक्यांचाच. बाकीचे चित्रीकरणापुरते येत.

४/ त्यामागचे गणित सरळ होते. एकाच्या व्हिडिओत दुसरा दिसला की पहिल्याचे प्रेक्षक दुसऱ्याकडे वळत. भरपूर उजेड, मोठे आरसे, मोकळ्या खोल्या आणि हाताशी सहकलाकार असल्यामुळे दिवसभर चित्रीकरण शक्य होई. इथे राहण्याची खरी किंमत म्हणजे सतत काहीतरी निर्माण करत राहणे.

५/ जानेवारी २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या घरावर सविस्तर लेख छापला. त्याच सुमारास टॅलेंटएक्स या कंपनीने बेल एअरमध्ये 'स्वे हाऊस' उभे केले. मार्चमध्ये टाळेबंदी आली, जग घरात कोंडले गेले आणि टिकटॉकचा प्रेक्षक प्रचंड वाढला.

६/ पहिला तडा मात्र त्याच मार्चमध्ये गेला. कीच बाहेर पडली. घरासाठी आपण पैसे घातले, कामही केले, पण श्रेय व अधिकार डावलले गेले, अशी तिची जाहीर तक्रार होती. मैत्रीच्या नावाने सुरू झालेल्या घराचे नाव नेमके कोणाच्या मालकीचे, हा वाद उघड्यावर आला. तिने 'क्लबहाऊस' हे वेगळे घर काढले.

७/ मे २०२० मध्ये डिमेलिओ भगिनींनी हाइप हाऊस सोडल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्ली टिकटॉकवर १० कोटी अनुयायी मिळवणारी पहिली व्यक्ती ठरली. घराबाहेर पडूनही तिचे काही अडले नाही.

८/ या व्यवस्थेचा कच्चा दुवा इथेच होता. १९३०च्या दशकात हॉलिवूडचे स्टुडिओ नटनट्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवत. नटाचे नाव मोठे झाले की लाभ स्टुडिओलाही मिळे. हाइप हाऊसमध्ये अनुयायी ज्याच्या-त्याच्या खात्यावर जमा होत. जो मोठा झाला, त्याला घराची गरज उरली नाही. ज्याला गरज होती, त्याच्या बळावर भाडे निघत नव्हते.

९/ बाहेरूनही धक्के बसत होते. २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली आणि इथल्या असंख्य कलाकारांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेतही बंदीचे आदेश निघाले. ते अमलात आले नाहीत, पण भीती राहिली. त्याच महिन्यात महासाथीच्या काळातील मेजवान्यांमुळे, स्वे हाऊसच्या सदस्यांनी भाड्याने घेतलेल्या हॉलिवूड हिल्समधील घराची वीज महापौर एरिक गार्सेटी यांनी तोडायला लावली.

१०/ फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वे हाऊस बंद झाले. जानेवारी २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर 'हाइप हाऊस' ही मालिका आली, तेव्हा तिच्यात दिसले ते थकलेले घर : व्हिडिओ करण्यास अनुत्सुक रहिवासी, खर्चाच्या चिंतेतला पेट्रू आणि निघून गेलेल्यांची पोकळी.

११/ या तरुणांपैकी अनेकांनी विशीही ओलांडलेली नव्हती. राहण्याची जागा, मैत्री, प्रेम आणि रोजगार हे सारे एकाच छताखाली आले होते. त्यामुळे एखादे नाते तुटले की कामही अडे. आणि भांडण झालेच, तर त्याचाही व्हिडिओ होई. दार लावून घ्यावे अशी खाजगी खोली त्या प्रशस्त वाड्यात फारशी उरलीच नव्हती.

(समाप्त)