ज्वारीची वही आणि आपला यूपीआय

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. माळा आवरताना वाण्याच्या उधारीची जुनी वही सापडली, दुष्काळातली, १९७३ सालची. ज्वारी, मिलो, पुन्हा ज्वारी. मध्येच गूळ, चहापूड, रॉकेल. बस्स. मी आजीला माझ्या फोनवरचा महिन्याचा हिशेब दाखवला, तर ती म्हणाली, "यात धान्य कुठंय रे? सगळी उधळपट्टी!"

थोडं लागलं मला. म्हणून म्हटलं, आजचा भाग यावरच करू. आपण खरंच उधळे आहोत का?

आपल्या देशात घरखर्चाची नोंद १९५० पासून होतेय. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. माणसं घरोघरी जाऊन विचारायची, तेल किती, मीठ किती, कापड किती. १९७२-७३ च्या फेरीत ग्रामीण घराचा सुमारे ७३ टक्के खर्च खाण्यावर होता. त्यातही एकट्या धान्यावर ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातले चाळीस रुपये नुसत्या भाकरी-भातावर! आजीची वही अपवाद नव्हती, तीच देशाची सरासरी होती.

आता २०२२-२३ बघा. ग्रामीण भागात खाण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के, शहरात ३९. आणि धान्याचा? गावात पाच टक्क्यांहूनही कमी. त्याच्या जवळपास दुप्पट खर्च चहा-शीतपेयं, फरसाण, बिस्किटं, तयार खाणं यांवर होतो. प्रवासावरसुद्धा धान्यापेक्षा जास्त.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच सांगितलं होतं, की उत्पन्न वाढलं की खाण्याचा वाटा घटतो. तेव्हा आजीला सांगायला हरकत नाही, की ही सगळी उधळपट्टी नाही, पोट भरल्यावर हात मोकळा झालाय.

पण थांबा, गोष्ट इतकी गोड नाही. धान्याचा खर्च घटण्यात रेशनचाही हात आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो झाला, २०२३ पासून तर फुकट. फुकट मिळालेलं धान्य खिशातून गेलेल्या खर्चात दिसत नाही. दुसरं, ग्रामीण घराचे शंभरातले सात रुपये दवाखाना-औषधात जातात. तो काही हौसेचा खर्च नाही. आणि सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. ज्याच्याकडे रेशनकार्डच नाही, त्याच्यासाठी धान्याची पिशवी अजून जडच आहे.

म्हणून ही मोजणी महत्त्वाची. २०११-१२ नंतर पुढचे आकडे यायला अकरा वर्षांचा काळ उलटला. २०१७-१८ ला पाहणी झाली, पण सरकारने तिचे निकाल जाहीर केले नाहीत. मधल्या काळात नोटाबंदी झाली, कोविड आला. कोणाच्या ताटातलं काय कमी झालं, हे त्या वर्षांपुरतं आपल्याला अंदाजानेच बोलावं लागतं.

आजीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती वही का टाकत होतास?"

आता ती माझ्या कपाटात आहे. तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, तर रद्दीत देऊ नका. आधी फोटो काढा, मग घरातल्या मोठ्यांसोबत बसून वाचा. भेटू पुढच्या भागात!