मालक नसलेले गाव

राजधान्यांचा इतिहास लिहायला दरबारी बखरकार मिळतात. आडगावांचा इतिहास मात्र कचेरीतील दप्तरांत, दफनभूमीतील शिळांवर आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी विखुरलेला राहतो. अशा गावांची मला पहिल्यापासून ओढ आहे. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतील मेटवान हे त्यांपैकीच एक. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य सीमेवर, टग फोर्क या नदीच्या काठी ते वसले आहे. २०२० सालच्या शिरगणतीत तेथे जेमतेम चारशे माणसे भरली. एवढ्या वस्तीला आपल्याकडे कोणी वाडी म्हणेल. परंतु अमेरिकेतील मजुरांचा इतिहास सांगू लागले, की या वाडीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. असे का व्हावे, याचा शोध घेताना माझ्या हाती जे उत्तर आले ते अगदी साधे आहे. आसपासच्या वस्त्यांना मालक होता, मेटवानला नव्हता.

प्रथम भूगोल पाहू. दोन्ही अंगांनी डोंगर उभे चढलेले, आणि मधून वळणे घेत जाणारी नदी. सपाट जागा म्हणून जी काय ती काठालगतची अरुंद पट्टी. आगगाडीचे रूळ, रस्ता, दुकाने, घरे, प्रार्थनामंदिरे, सगळे त्या पट्टीतच दाटीवाटीने बसवलेले. नदीपलीकडे केंटकी राज्य लागते. अलीकडचे हॅटफील्ड आणि पलीकडचे मॅकॉय या दोन घराण्यांचे वैर अमेरिकेत म्हणीसारखे झाले आहे. १८८२ साली निवडणुकीच्या दिवशी झालेल्या मारामारीत एक हॅटफील्ड जखमी होऊन पुढे मरण पावला. त्याचा सूड म्हणून तीन मॅकॉय भावांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या गेल्या. ती जागा मेटवानच्या समोरच्याच काठावर आहे. त्या वेळी गाव मात्र अजून वसायचे होते.

गाव आणले ते आगगाडीने. नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीचा ओहायोकडे जाणारा मार्ग १८९२ मध्ये पुरा झाला. मार्गाची आखणी करणाऱ्या एका एंजिनियराने न्यूयॉर्क राज्यातील आपल्या मॅटिअवान या गावाचे नाव या ठिकाणाला दिले, आणि डोंगरी जिभेवर त्याचे मेटवान झाले. १८९५ साली गावाला स्वतःचा कारभार मिळाला. नगराध्यक्ष, पोलीस आणि सभासद गावाने निवडायचे, असा हा कारभार. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या कोरड्या सनदेत आहे, असे मला वाटते.

याचे कारण समजण्यासाठी आजूबाजूच्या वस्त्यांकडे पाहावे लागेल. रूळ आले तसे डोंगरांच्या पोटातील कोळशामागे भांडवल आले. प्रत्येक घळीत एक खाण, आणि खाणीपाशी कंपनीची वसाहत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा. पुष्कळ ठिकाणी मजुरी रोख न देता कंपनीने पाडलेल्या बिल्ल्यांत दिली जाई, आणि ते बिल्ले चालत फक्त कंपनीच्या दुकानात. मजूर संघाचे सभासद होणार नाही, अशी लेखी हमी कामावर घेतानाच घेण्यात येई. हमी मोडली की नोकरी जाई, आणि नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही. अशा वस्तीत राहणारा माणूस भाडेकरू असे, नागरिक नव्हे.

मेटवान या घळींच्या मध्यभागी होते. तेथील दुकानदार स्वतंत्र होते. नगराध्यक्ष केबेल टेस्टरमन जवाहिऱ्याचे दुकान चालवी. पोलिसांचा प्रमुख सिड हॅटफील्ड स्वतः पूर्वी खाणीत राबलेला. मजुरांचा पैसा गावातल्या दुकानांत येई, मजुरांची मते गावातल्या निवडणुकीत पडत. गाव मजुरांच्या बाजूने होते यात परोपकार किती आणि व्यवहार किती, हे मोजण्यात अर्थ नाही. गावाला कंपनीकडे तोंड करून उठावे लागत नसे, एवढे पुरे आहे.

१९२० च्या वसंतात मजूर संघाचे कार्यकर्ते मिंगो जिल्ह्यात आले. डोंगरी गोरे, दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णी, युरोपातून आलेले इटालियन, असे हजारो मजूर संघात दाखल झाले. वर्णभेद कायद्याने राबवला जाण्याच्या त्या काळात एकाच संघाची शपथ सर्वांनी घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हती. कंपन्यांनी ठरल्याप्रमाणे कामावरून काढणे आणि घराबाहेर काढणे सुरू केले. त्यासाठी बाल्डविन-फेल्ट्स या खाजगी गुप्तहेर संस्थेची हत्यारबंद माणसे भाड्याने आणली जात.

१९ मे १९२० रोजी ही माणसे मेटवानला उतरली, आणि स्टोन माउंटन कोल कंपनीच्या घरांतील बिऱ्हाडे त्यांनी रस्त्यावर आणली. टेस्टरमन आणि हॅटफील्ड तेथे जाऊन उभे राहिले. त्यांचा सवाल एवढाच होता, की न्यायालयाचा हुकूम कोठे आहे? काम उरकून ती माणसे संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनाकडे परतली. तेथे हॅटफील्डने त्यांना अडवले. टोळीचा म्होरक्या ॲल्बर्ट फेल्ट्स म्हणाला, की उलट तुझ्याच अटकेचा हुकूम माझ्या खिशात आहे. नगराध्यक्षाने तो कागद वाचून खोटा ठरवला. पहिली गोळी कोणी झाडली, याचा निकाल शंभर वर्षांनंतरही लागलेला नाही. गोळीबार थांबला तेव्हा दहा माणसे गेली होती. ॲल्बर्ट आणि ली हे फेल्ट्स बंधू धरून सात गुप्तहेर, दोन खाणमजूर, आणि स्वतः नगराध्यक्ष.

यातून शूरवीरांचा पोवाडा सहज रचता येईल. परंतु इतिहासाने पोवाड्याला भुलू नये. पंधरवड्याच्या आतच हॅटफील्डने टेस्टरमनच्या विधवेशी लग्न केले. नगराध्यक्षाला त्यानेच मारले, असा बोभाटा विरुद्ध पक्षाने सुरू केला. १९२१ च्या आरंभी विल्यमसन येथे खटला चालला आणि ज्यूरीने हॅटफील्ड व त्याचे साथी यांस निर्दोष ठरवले. त्याच वर्षी १ ऑगस्टला दुसऱ्या एका आरोपासाठी तो आणि त्याचा मित्र एड चेंबर्स, दोघे बायकांसह, वेल्च येथील न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. दोघेही निःशस्त्र होते. त्याच पायऱ्यांवर बाल्डविन-फेल्ट्सच्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. हॅटफील्डला नदीपलीकडे, केंटकीच्या काठावर पुरले.

या हत्येने डोंगर पेटला. ऑगस्टच्या अखेरीस सुमारे दहा हजार सशस्त्र मजूर ब्लेअर माउंटनवर चालून गेले. त्यांच्यावर भाड्याच्या विमानांतून बॉम्बही टाकले गेले. सप्टेंबरात सरकारी पलटणी आल्या तेव्हा मजुरांनी शस्त्रे खाली ठेवली. मिंगोतील संप १९२२ साली फसला. तोवर कित्येक कुटुंबांनी तंबूंत हिवाळे काढले होते. मजूर संघ या खोऱ्यांत परत आला तो १९३३ नंतर, कायद्याच्या आधाराने.

आणि मग गाव गप्प झाले. या मौनाचा मी पुष्कळ विचार केला आहे. लहान गावात दोन्ही पक्षांची नातवंडे एकाच बाकावर बसून शिकतात. तेथे कोणाच्या आजोबाने कोणावर बंदूक उचलली, हे मोठ्याने बोलण्यापेक्षा न बोलण्यानेच शेजार टिकतो. जुन्या टपालकचेरीच्या भिंतीत गोळ्यांची भोके मात्र तशीच होती. १९८७ साली जॉन सेल्स यांचा ‘मेटवान’ हा चित्रपट आला. तो थरमंड या दुसऱ्याच नदीकाठच्या गावी चित्रित झाला होता. १९८९-९० मध्ये गावातल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यात आल्या, आणि बोलणे सुरू झाले. १९९७ साली जुन्या वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. २०१५ साली खाणमजुरांच्या लढ्याचे संग्रहालय याच गावात उघडले.

या अवधीत नदीनेही आपला हिशेब मांडला होता. १९७७ च्या एप्रिलमधील महापुराने टगकाठची गावे धुऊन काढली. पुढे वीस वर्षांनी मेटवानभोवती काँक्रिटची पूरभिंत पुरी झाली. त्या भिंतीवर गावाचा इतिहास चित्ररूपाने उमटवलेला आहे.

आज खाणी यंत्रांनी चालतात आणि माणसे पोटामागे दूर गेली आहेत. पण माझ्या मते मेटवानचे खरे स्मारक भिंतही नव्हे आणि संग्रहालयही नव्हे. एका जवाहिऱ्याने आणि एका माजी खाणमजुराने रस्त्यात उभे राहून विचारलेला तो सवाल, हेच त्याचे स्मारक होय. शेजारच्या घळीतही अशीच बिऱ्हाडे रस्त्यावर आली होती. तेथे हा सवाल गावाच्या अधिकाराने विचारणारे कोणी नव्हते, कारण तेथे गावच नव्हते.