लाव्हाच्या दोन थरांमधली गोगलगाय

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव ठाऊक आहे ते कॉलेजमुळे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा आणि धर्मप्रचार हे त्याचे काम, जीवाश्म हा फावल्या वेळचा नाद, असेच बहुधा सांगितले जाते. पण रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्याने लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला, आणि तो वाचल्यावर 'नाद' हा शब्द अपुरा वाटतो. नागपूरला लागून असलेल्या टाकळीला थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर आहे. त्यात फायसा ही गोगलगाय सापडते. तिच्या शंखाचे वेटोळे डावीकडे वळते आणि ती गोड्या पाण्यात राहणारी. म्हणजे इथे समुद्र नव्हता, तळे होते. आणि तळे साचून त्यात जीव वाढावेत इतकी उसंत लाव्हाने घेतली होती.

यावर कोणी म्हणेल, असे शंख निर्मळच्या डोंगरांत माल्कमसन या अभ्यासकाला आधीच मिळाले होते, आणि हिस्लॉपने पाठवलेल्या नमुन्यांना नावे दिली ती इतरांनी. मांगली गावी सापडलेल्या चपट्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेनचे, वनस्पतींचे चार्ल्स बनबरीचे. हे खरेच आहे. पण ओवेन काही मांगलीला आला नव्हता. कोणता नमुना कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, ही नोंद जागेवरच व्हावी लागते. ती नसेल तर कवटी नुसती कपाटात ठेवायची वस्तू.

याहून वजनदार आक्षेप कालनिर्णयाचा. हिस्लॉपने हे थर क्रिटेशियसनंतरच्या टर्शरी काळात टाकले; आज त्यांतले पुष्कळसे क्रिटेशियसच्या अखेरचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. चूक खरी, पण एकट्याची नव्हे. १९३४ मध्ये बिरबल साहनींसारखा पुरावनस्पतिशास्त्रज्ञही वनस्पतींच्या पुराव्यावरून टर्शरीच्याच बाजूने बोलत होता. वय बदलले, तळ्याचा निष्कर्ष मात्र टिकला. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची प्रचंड हाडेही हिस्लॉपनेच प्रथम उजेडात आणली. पुढे तिथून डायनोसॉरचे अवशेष मिळत गेले. त्या हाडांचा पूर्ण अर्थ लागण्याआधीच, १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. आदिवासींविषयीची त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये संपादून छापली. खडकांच्या टिपणांना तसा संपादक मिळाला नाही.