शीतकपाट, घरमालक आणि विजेचे बिल

गृहोपयोगी यंत्रांच्या इतिहासात ती घरोघरी केव्हा पोचली याचीच नोंद बहुधा घेतली जाते. ती वीज किती घेत, हा प्रश्न मागे राहतो. अमेरिकेतील शीतकपाटाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. १९४७ च्या सुमारास तेथील सर्वसाधारण शीतकपाटास वर्षाकाठी चारशेहून कमी युनिटे पुरत. १९७४ च्या सुमारास हा आकडा १८०० च्या घरात गेला.

आकारमान वाढले हे खरे. पण तेवढ्याने या वाढीचा उलगडा होत नाही. बर्फ आपोआप वितळावे म्हणून कपाटात तापणाऱ्या तारा आल्या. दाराच्या कडेस दव धरू नये म्हणून तेथेही उष्णता पुरविली जाऊ लागली. गार करण्याच्या यंत्रातच तापविण्याची ही सोय! याउलट वरून झाकण असलेली गोठणपेटी पाहावी. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडले तरी ती बव्हंशी आतच राहते आणि बर्फ हाताने काढावयाचे असल्यामुळे तारांचीही गरज नसते. तथापि ही पेटी जागा फार अडविते व तळाचा जिन्नस काढण्यास वाकावे लागते. लहान सदनिकेत उभे कपाटच सोयीचे ठरले.

परंतु खरी मेख निराळीच होती. भाड्याच्या अनेक सदनिकांत कपाट विकत घेई घरमालक आणि विजेचे बिल भरी भाडेकरू. निवड करणाऱ्यास खर्चाची झळ नाही, झळ सोसणाऱ्यास निवडीचा अधिकार नाही. मग जाड उष्णतारोधक थर आणि चांगली मोटार यांसाठी चार पैसे अधिक कोण मोजणार? ‘ग्राहकास हवे तेच बाजारात येते’ हे अर्थशास्त्रीय गृहीत येथे लंगडे पडते.

कॅलिफोर्नियात १९७४ च्या वॉरन-अल्क्विस्ट कायद्याने ऊर्जा आयोग स्थापन झाला आणि त्याच दशकात शीतकपाटांच्या वीजवापरास मर्यादा पडली. १९८७ च्या कायद्यान्वये ठरलेल्या राष्ट्रीय मर्यादा १९९० मध्ये अंमलात आल्या. त्यांत आडव्या गोठणपेटीचा वर्ग स्वतंत्र मानला होता. १९९३ व २००१ मध्ये त्या आणखी कडक झाल्या आणि नव्या कपाटाचा वार्षिक खप पाचशे युनिटांच्या आसपास उतरला. हे बंधन मात्र नव्या यंत्रांपुरतेच होते. जुने कपाट चालू असेतो घरमालकास ते बदलण्याचे कारण नव्हते, आणि त्याचे बिल पूर्ववत भाडेकरूच भरीत राहिला.